सत्तरीतील शिखरे : चढाईच्या वाटा आणि प्रवेश

गोव्याच्या ईशान्येस, सत्तरी तालुक्यात, सह्याद्रीच्या रांगेवर राज्यातील सर्वांत उंच शिखरे आहेत. प्रचलित यादीत सोसोगड (सोंसोगोर) १,१६६ मीटर, कातळांची माउली १,१०७, वाघेरी १,०६७ आणि मोर्लेचो गोर १,०३६ मीटर असा क्रम मिळतो. सोसोगडाची उंची काही ठिकाणी १,०२६ मीटर अशीही छापलेली असते. म्हणून आकड्यावर विसंबू नये. सर्वेक्षणाच्या नकाशातील समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) पाहूनच वाट आखावी. कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) मानाने ही शिखरे ठेंगणी वाटतात, पण पायथ्याची गावे सखल असल्याने चढ लांबलचक पडतो.

प्रवेश : या डोंगरांचा मोठा भाग १९९९ साली घोषित झालेल्या, सुमारे २०८ चौरस किलोमीटरच्या म्हादई अभयारण्यात येतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २७ व २८ नुसार तेथे परवान्याशिवाय जाता येत नाही. अर्जात प्रत्येकाचे नाव, ओळखपत्र, तारीख आणि वाट स्पष्ट लिहावी. ‘सत्तरीत ट्रेक’ एवढे मोघम लिहिणे पुरेसे नाही. कायद्याच्या व्याख्येत सुरीही शस्त्रात मोडते आणि शस्त्रासह प्रवेशाला कलम ३१ नुसार वेगळी लेखी परवानगी लागते, त्यामुळे झुडपे तोडायला कोयता घेऊन निघणे अंगाशी येऊ शकते. कलम ३० नुसार आग लावण्यास मनाई आहे. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या जंगलात अनेक ठिकाणी वणवे पेटले होते. ते पाहता उन्हाळ्यात रानात चूल पेटवण्याचा विचारही करू नये.

सीमेपलीकडे खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य लागते. गोव्याचा परवाना तिथे चालत नाही. धारेवर सीमा दाखवणारे काही दिसेलच असे नाही, म्हणून कर्नाटकाच्या बाजूने चढायचे किंवा उतरायचे असल्यास दोन्हीकडची परवानगी आधीच घ्यावी.

वाटा : वाघेरीसाठी केरी हा सोयीचा पायथा, साखळीहून चोर्ला घाटाकडे जाणारा रस्ता तिथूनच जातो. घाटमाथ्यावरच्या सुर्ल परिसरात रस्त्यानेच बरीच उंची गाठता येते. सोसोगडाकडे जाण्यासाठी वाळपईपर्यंत येऊन पुढे रानाला लागून असलेल्या गावांतून वाट धरावी लागते. गुरांच्या आणि रानमेवा गोळा करणाऱ्यांच्या पायवाटा एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्यामुळे गावातला वाटाड्या घ्यावाच. वाटेतल्या देवराईत पायताण, तोडणी आणि मोठा आवाज यांबाबत तो सांगेल तसे वागावे.

वाट चुकते ती बहुधा माथ्यावर. सडा (माथ्यावरचे कातळाचे पठार) सपाट असल्याने सर्वोच्च बिंदू लवकर कळत नाही, ऑक्टोबरात गवत छातीला लागते आणि धुक्यात सगळ्या सोंडा सारख्याच दिसतात. सड्यावर पाऊल ठेवताच मागे वळून उतरणीची जागा नकाशावर टिपावी. व्हाळ (ओढा) धरून कधीही उतरू नये. तो पुढे वझराच्या (धबधब्याच्या) तोंडाशी नेतो; तिथून खाली जाता येत नाही आणि ओल्या, शेवाळलेल्या कातळावरून परत वर चढणेही जड जाते.

हंगाम : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात व्हाळ काही मिनिटांत फुगतात, तर मार्चनंतर वरचे झरे आटतात. हिवाळ्यातही माणशी तीन लिटर पाणी न्यावे आणि दुपारी एकपर्यंत माथा गाठला नाही तर परत फिरावे. गवा आणि अस्वल यांचा वावर असल्याने अंधारात चालू नये. मोबाइलला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. परतीची वेळ गावात सांगून ठेवावी.

गोचिडीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. २०१५ साली सत्तरीतील पाली गावात माकडतापाची साथ आली होती. हा रोग गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि त्याचा जोर साधारण डिसेंबर ते मे या काळात असतो. पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, विजारीचे पाय मोज्यांत खोचावेत, पाचोळ्यावर बसू नये. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून काखा, जांघा आणि कानामागची जागा तपासावी. पुढच्या आठवड्याभरात अचानक ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू झाल्यास डॉक्टरांना सत्तरीच्या रानात गेल्याचे सांगावे.