क्षेत्रभेट-मार्गदर्शन, जैवविविधतेचे

विद्यार्थ्यांकडून झाडोऱ्यातल्या आणि गोड्या पाण्यातल्या जीवसृष्टीचा अभ्यास करवून घेण्यासाठी शिक्षकांना व निसर्गशिबिरे भरवणाऱ्यांना दिले जाणारे प्रशिक्षण. प्रजातींची नावे पाठ असण्यापेक्षा नमुना घेणे, नोंद ठेवणे आणि काठावरची तीस-चाळीस मुले सांभाळणे यांवर त्यात भर असतो.

सोलापुरात अडते ते ‘वन’ या शब्दापाशीच. हा पर्जन्यछायेतला मुलूख. मूळ रूप गवताळ माळाचे, मधूनमधून बोर, बाभूळ, हिवर. सुबाभूळ-गिरिपुष्पाची गर्द राने माणसाने लावलेली. नान्नजचे अभयारण्य (१९७९) ज्याच्यासाठी राखले, त्या माळढोक पक्ष्याला उघडाच माळ लागतो. ‘जितकी झाडे तितका निसर्ग’ हे मुलांच्या मनातले समीकरण व्याख्यानाने सुटत नाही. त्याऐवजी सुतळी आणि चार खुंट्यांची एक मीटरची चौकट रोपवनात टाकायची, मग माळावर, आणि दोन्हीकडच्या वनस्पतींचे प्रकार मुलांनाच मोजू द्यायचे.

पाण्याच्या सरावाला हिप्परग्याचा एकरुख तलाव (१८७१) जवळचा. लांब दांड्याची जाळी, चहाची गाळणी, पांढरा ट्रे एवढे पुरते. काठच्या पाणवनस्पतींतून जाळी फिरवून ट्रेमध्ये झटकली की आधी नुसता गाळ दिसतो. मार्गदर्शकाने इथे गप्प राहावे. हे शिकवायला सर्वांत अवघड. मिनिट-दोन मिनिटांत गाळाचे कण चालू लागतात. शेपटीकडे तीन पानांसारखे कल्ले असतील तर ते टाचणीचे, म्हणजे चतुरासारख्या पण बारीक अंगाच्या कीटकाचे, पिल्लू. चतुराच्या पिल्लाला ते नसतात. ते मागून पाणी ओढते आणि पिचकारीसारखे सोडून पुढे झेपावते. लाल अळ्यांचा रंग हिमोग्लोबिनचा, म्हणून त्या कमी ऑक्सिजनच्या चिखलातही तगतात. मात्र तेवढ्यावरून ‘पाणी घाण’ असा निकाल देऊ नये. सापडलेल्या जिवांवरून पाण्याला गुण देण्याचे, वाहत्या ओढ्यांसाठी बेतलेले गुणांकन साचलेल्या तलावाला जसेच्या तसे लावणे ही नवख्यांची नेहमीची चूक.

ट्रे सावलीत ठेवावा. सोलापुरी उन्हात पाणी बघता बघता तापते. पाहून झाले की जीव त्याच काठाला सोडावेत. पावसाळा सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सोयीचा.

जैवविविधता कायदा, २००२ नुसार गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या, म्हणजे तिथल्या जीवसृष्टीच्या आणि तिच्याविषयीच्या लोकज्ञानाच्या नोंदी, करायच्या असतात; मुलांच्या नोंदी तिथे कामी येऊ शकतात. त्यासाठी मेंढपाळ आणि मच्छीमार यांनाही सोबत घेतलेले बरे. उजनी धरणात जाळ्यात सापडणारी चिलापी मासळी मूळची आफ्रिकेतली, हे पुस्तकात मिळते. ती कोणत्या काठाला, कोणत्या महिन्यात घरटी करते, हे विचारायला होडीवाल्याकडेच जावे लागते.