खाजवतोय खरं, पण नेमकं कुठे?

कुत्रा रात्रंदिवस खाजवतोय, किंवा मांजरीच्या पोटावरचे केस गेलेत, आणि मग लोक लाल चट्ट्याचा एक फोटो पाठवतात आणि त्यासोबत एकच प्रश्न, यावर कुठलं क्रीम लावू? प्रश्न अगदी मनापासून असतो, कारण आपलं जनावर डोळ्यांसमोर त्रासात असलं की काहीतरी लगेच करावंसं वाटतं. पण नुसत्या फोटोवरून अनुभवी व्हेटलासुद्धा सांगता येत नाही, कारण त्वचेकडे तक्रार करायचे प्रकार फार थोडे आहेत. ती लाल होते, पुरळ येतं, खपली धरते, केस गळतात, आणि जुनं झालं की जाड आणि काळी पडते. बस. आणि यामागची कारणं मात्र डझनावारी, पिसवांपासून थायरॉइडपर्यंत. म्हणजे चट्टा बघून औषध ठरवायला गेलं की चुकण्याचीच शक्यता जास्त.

त्यापेक्षा दोन गोष्टींवरून खूप कळतं. एक म्हणजे त्रास अंगावर नेमका कुठे आहे, आणि दुसरी म्हणजे आधी काय झालं, खाज सुटली आणि मग केस गेले, की केस आधी गेले आणि खाज नंतर आली किंवा आलीच नाही. या दोन्ही गोष्टी व्हेटला पंधरा मिनिटांच्या तपासणीत दिसत नाहीत, त्या घरच्या माणसालाच माहीत असतात, म्हणून मला वाटतं की अर्धं निदान घरीच असतं, फक्त ते नीट बघायला हवं.

समजा शेपटीच्या बुडाशी, कंबरेवर आणि मागच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला खाजवतोय, तिथेच दातांनी कुरतडतोय, तर पहिला संशय पिसवांचा. इथे लोक लगेच म्हणतात की आमच्याकडे पिसवा नाहीतच, मी बघितलं, एकही दिसली नाही. पण पिसवांची ॲलर्जी असलेल्या जनावराला भरपूर पिसवा लागतच नाहीत, ॲलर्जी असते ती पिसवेच्या लाळेची आणि चार-दोन चावे पुरतात. मांजर तर दिसली पिसू की चाटून गिळून टाकते, मग सापडणार कुठून. साधी घरगुती परीक्षा अशी की बारीक दातांच्या फणीने कंबरेवरचे केस विंचरायचे, जे काळे कण पडतील ते पांढऱ्या ओल्या कागदावर ठेवायचे, आणि कणांभोवती तांबूस रंग पसरला की ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. माती असेल तर रंग सुटत नाही.

आणि पिसवांच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे, की आपण फक्त जनावरावर औषध टाकतो. अंगावर दिसणाऱ्या मोठ्या पिसवा म्हणजे एकूण पिसवांच्या साधारण ५ टक्केच, बाकीचं सगळं अंडी, अळ्या आणि कोश या रूपात गादीत, गालिच्यात, फरशीच्या फटीत पडलेलं असतं. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालू शकते आणि ती अंडी अंगावरून खाली गळतात. कोशातली पिसू तर कित्येक आठवडे, कधी कधी महिनेसुद्धा वाट बघत बसते आणि जवळ हालचाल, ऊब जाणवली की बाहेर येते. त्यामुळे एक डोस देऊन पंधरा दिवसांनी परत पिसवा दिसल्या की औषध खोटं होतं असं नाही, घरातले कोश फुटतायत. घरातल्या सगळ्या कुत्र्यामांजरांना एकाच वेळी औषध, निदान तीन महिने न चुकता, अंथरूण गरम पाण्यात धुणं आणि व्हॅक्यूम, हे सगळं मिळून केलं तरच चक्र तुटतं. अजून एक, कुत्र्यावर सापडणारी पिसूसुद्धा बहुतेक वेळा मांजरीचीच जात असते, म्हणून कुत्र्याला औषध दिलं आणि मांजरीला सोडलं तर काही उपयोग नाही.

मात्र इथेच एक गोष्ट अगदी ठासून सांगायची आहे. कुत्र्यांचं पर्मेथ्रिन (एक कीटकनाशक) असलेलं स्पॉट-ऑन, म्हणजे कातडीवर थेंब टाकायचं औषध मांजरीला कधीच लावायचं नाही, थोडंसंही नाही, कमी वजनाच्या हिशोबाने तर अजिबात नाही. मांजरीचं यकृत हे रसायन आपल्यासारखं किंवा कुत्र्यासारखं मोडू शकत नाही, ती थरथरायला लागते, झटके येतात आणि जीवही जातो. नुकतंच औषध लावलेल्या कुत्र्याला बिलगून झोपलेल्या मांजरीलासुद्धा त्रास होऊ शकतो. चुकून लागलंच तर वाट बघू नका, सरळ व्हेटकडे पळा आणि औषधाचं पाकीट सोबत न्या.

आता कानाच्या कडा, कोपर, मागच्या पायाचे घोटे आणि पोट, या जागी भयंकर खाज असेल, इतकी की खाणंपिणं सोडून खाजवतोय, तर खरूज असू शकते. कानाची कडा बोटांनी हलकेच चोळली आणि मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलायला लागला तर संशय आणखी बळावतो. खरजेचे माइट्स (नुसत्या डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे) त्वचेत बोगदे करून राहतात आणि संख्येने इतके कमी असू शकतात की त्वचा खरवडून मायक्रोस्कोपखाली बघितली तरी हाती लागत नाहीत, म्हणून रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी व्हेट खरजेची ट्रीटमेंट देऊन बघतात, त्यात काही चूक नाही. ही माणसालाही लागते, हातावर-पोटावर खाजरे पुरळ उठतात, पण कुत्र्याचा माइट माणसाच्या अंगावर संसार थाटू शकत नाही, कुत्रा बरा झाला की तेही जातं. हे डॉक्टरांना जरूर सांगा, घरात माणसांना खाज आहे का हा प्रश्न उगाच विचारत नाहीत.

डेमोडेक्स हाही माइटच, पण प्रकरण पूर्ण वेगळं. तो केसांच्या मुळाशी राहतो, पिल्लाला जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आईकडून मिळतो आणि जवळपास सगळ्याच कुत्र्यांवर थोडाफार असतो, काही करत नाही. प्रतिकारशक्ती कमी पडली की वाढतो. पिल्लाच्या डोळ्यांभोवती, तोंडावर, पुढच्या पायावर एखाद-दुसरा टक्कल पडल्यासारखा गोल आणि खाज फारशी नाही, असं असेल तर बऱ्याचदा आपोआप बरं होतं. तो दुसऱ्या कुत्र्यांना किंवा माणसांना लागत नाही, त्यामुळे पिल्लाला वेगळं कोंडून ठेवायची काहीच गरज नाही. मोठ्या वयाच्या कुत्र्याला पहिल्यांदाच झाला तर मात्र आत दुसरं काही दुखणं आहे का ते शोधावं लागतं. आणि अशा वेळी खाज दिसते म्हणून स्टेरॉइड दिलं तर माइट्सना रान मोकळं होतं.

या माइट्सवर गेल्या दहा-बारा वर्षांत फ्लुरालेनर, अफोक्सोलेनर, सॅरोलेनर अशी औषधं आली आणि खरोखर चित्र बदललं. फक्त ज्या कुत्र्याला फिट्स येतात त्याच्या बाबतीत ही औषधं देण्याआधी व्हेटशी बोलायला हवं. आयव्हरमेक्टिन स्वस्त म्हणून अंदाजाने टोचून घेऊ नका, कोली आणि त्याच्या जवळच्या जातींत एमडीआर१ नावाच्या जनुकात दोष असतो (हा २००१ मध्ये सापडला), त्यामुळे जास्त डोस दिला की औषध थेट मेंदूत साठतं आणि कुत्रा कोमात जाऊ शकतो.

गोलसर टक्कल, कडेने कोंडा, तुटके केस, आणि घरात लहान मुलांनाही गोल चट्टे, मग गजकर्ण म्हणजे बुरशी. मांजरीची पिल्लं आणि पर्शियन मांजरी यात जास्त. गोल चट्टा म्हणजे गजकर्णच असं नाही हे लक्षात ठेवा, कुत्र्यांत तर बॅक्टेरियामुळे येणारे गोल चट्टे कितीतरी जास्त दिसतात. व्हेट वूड्स लॅम्पच्या (अतिनील किरणांचा दिवा) उजेडात केस बघतात, हिरवट चमकले तर बुरशीची शक्यता मोठी, नाही चमकले तरी ती नाहीच असं होत नाही, कल्चर करावं लागतं, म्हणजे लॅबमध्ये बुरशी वाढते का ते बघावं लागतं आणि त्याला दोन-तीन आठवडे लागू शकतात. नुसत्या चट्ट्यावर क्रीम लावून हे जात नाही कारण बीजाणू (बुरशीचं बारीक बी) सगळ्या केसांत पसरलेले असतात, पोटातून औषध आणि अंगभर धुणं, दोन्ही लागतं. घराची सफाईसुद्धा ट्रीटमेंटचाच भाग समजा, गळलेल्या केसांतले बीजाणू महिनोन्महिने जिवंत राहतात.

बॅक्टेरिया आणि यीस्ट यांचं सांगायचं तर हे दोघे बहुतेक वेळा मूळ दोषी नसतात. पुवाचे बारीक फोड, फुटल्यावर कडेने सालपट सुटलेली गोल वर्तुळं, हे स्टॅफिलोकोकस नावाचे बॅक्टेरिया. तेलकट अंग, कुबट वास, मानेखाली-काखेत जाड काळी कातडी, हे मॅलासेझिया नावाचं यीस्ट. दोन्ही निरोगी कातडीवर असतातच, ॲलर्जीने किंवा हार्मोनने त्वचा बिघडली की फोफावतात. म्हणून अँटिबायोटिक दिलं की बरं वाटतं, बंद केलं की महिन्याभरात परत तेच, परत अँटिबायोटिक, आणि असं करता करता औषधाला दाद न देणारे जंतू तयार होतात. हल्ली वरवरच्या इन्फेक्शनला आधी क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा शाम्पू वापरायला सांगतात ते याचसाठी. पण शाम्पू अंगावर १० मिनिटं ठेवायचा असतो, घड्याळ लावून. लावला आणि धुतला तर पैसे पाण्यात.

आपला शाम्पू मात्र नको. कुत्र्याच्या त्वचेचा वरचा थर आपल्यापेक्षा बराच पातळ असतो, पेशींचे जेमतेम ३ ते ५ थर, आणि तिची आम्लताही आपल्यापेक्षा कमी, जवळपास न्यूट्रलकडे झुकणारी. आपल्या त्वचेसाठी बनवलेली गोष्ट तिथे नीट बसत नाही.

मग वर्षानुवर्षं चालणारी खाज उरते, ती बहुतेक ॲलर्जी. पंजे सतत चाटणं (हलक्या रंगाचे केस लाळेने तांबूस होतात), तोंड घासणं, काखा आणि पोट लाल, आणि वारंवार कान बिघडणं, हे सगळं एकत्र आणि पहिल्यांदा सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू झालं असेल तर अॅटोपी, म्हणजे परागकण, धुळीतले माइट्स यांची ॲलर्जी. कानाचं इन्फेक्शन वर्षातून तीन-चार वेळा होणाऱ्या कुत्र्याचा आजार बऱ्याचदा कानाचा नसतोच, त्वचेच्या ॲलर्जीचा कानात दिसणारा भाग असतो, आणि हे कोणी सांगत नाही म्हणून लोक वर्षानुवर्षं नुसते ड्रॉप्स घालत राहतात.

अॅटोपी बरी होत नाही, ताब्यात ठेवता येते, हे सुरुवातीलाच स्वीकारलं तर मनस्ताप खूप कमी होतो. ऑक्लासिटिनिबची गोळी खाजेचा निरोप पेशींच्या आत अडवते, लोकिव्हेटमॅब हे इंजेक्शन इंटरल्यूकिन-३१ नावाचा खाजेचा निरोप्याच पकडून ठेवतं (हे फक्त कुत्र्यांसाठी आहे), आणि ॲलर्जीचीच लस देऊन शरीराला सवय लावायची पद्धतही आहे, निम्म्याहून जास्त कुत्र्यांना तिचा फायदा होतो पण पूर्ण अंदाज यायला वर्षभर धीर धरावा लागतो. स्टेरॉइड वाईट नाही, थोड्या दिवसांसाठी अतिशय कामाचं औषध आहे, पण महिनोन्महिने घरच्या घरी देत राहणं धोक्याचं.

खाण्याची ॲलर्जी दिसायला हुबेहूब अशीच, फक्त ऋतूप्रमाणे कमीजास्त होत नाही. तिच्यासाठी रक्ताच्या, लाळेच्या, केसांच्या टेस्ट विकल्या जातात, त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. खात्रीचा मार्ग एकच, कमीत कमी आठ आठवडे असं खाणं द्यायचं ज्यातलं प्रोटीन त्याने आधी खाल्लेलंच नाही किंवा बारीक तुकड्यांत मोडलेलं आहे, आणि फरक पडला की जुनं खाणं परत देऊन खाज येते का ते बघायचं. या काळात एक बिस्किट, चवीची जंतांची गोळी, ताटातला एक घास, काहीही गेलं तरी प्रयोग बिघडतो, म्हणून घरातल्या सगळ्यांना, आजी-आजोबांना सुद्धा, आधीच विश्वासात घ्या.

खाज नाही आणि दोन्ही बाजूंनी सारखेच केस गळतायत, शेपटी उंदरासारखी दिसतेय, वजन वाढलंय, कुत्रा सुस्त झालाय, मग थायरॉइड बघा. पोट सुटलंय, कातडी कागदासारखी पातळ, पाणी खूप पितोय, मग कुशिंग, म्हणजे अंगात कॉर्टिसॉल हार्मोन जास्त झाल्याचा आजार. इथे वरून काहीही लावलं तरी उपयोग नाही, रक्ततपासणीच हवी.

मांजरींचं वेगळं सांगायला हवं, कारण त्या लपून चाटतात. पोट गुळगुळीत झालं की लोक म्हणतात केस गळतात, पण व्हेटने चार केस मायक्रोस्कोपखाली बघितले आणि टोकं तुटलेली दिसली तर केस गळत नाहीयेत, ती चाटून तोडतेय. मग म्हणतात टेन्शनमुळे. २००६ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात अशाच मानसिक कारण गृहीत धरलेल्या २१ मांजरी नीट तपासल्या, तर निव्वळ मानसिक कारण फक्त २ जणींना होतं, बहुतेकींना ॲलर्जीसारखा त्वचेचाच आजार निघाला. पाठीवर हात फिरवताना बारीक बारीक खपल्या बोटांना लागत असतील तर पुन्हा पिसवांकडे वळा. आणि पांढऱ्या मांजरीच्या कानाच्या टोकावर किंवा नाकावर भरतच नाही अशी खपली असेल तर थांबू नका, उन्हामुळे होणारा कॅन्सर असाच सुरू होतो आणि लवकर कळला तर कानाचं टोक काढून मांजर वाचते.

घरातली क्रीमं आणि तेलं लावायच्या आधी एवढंच लक्षात घ्या की जे लावाल ते चाटलं जाणार आहे. सोरायसिसचं कॅल्सिपोट्रायॉल, झिंक ऑक्साइड, केसांसाठीचं मिनॉक्सिडिल, टी ट्री ऑइल, यातलं काहीही नको, मिनॉक्सिडिलच्या थोड्याशा थेंबांनीसुद्धा मांजर दगावू शकते.

व्हेटकडे जायच्या आधी दोन-तीन दिवस आंघोळ घालू नका, काही लावू नका, नाहीतर जे मायक्रोस्कोपखाली दिसायला हवं तेच धुऊन जातं. आधी दिलेल्या औषधांची नावं, विशेषतः स्टेरॉइडचं इंजेक्शन कधी दिलं होतं ते, लिहून न्या. ट्रीटमेंट सुरू झाल्यावर केसांकडे बघत बसू नका, केस परत यायला महिने लागतात; खाजेला ० ते १० मध्ये मार्क देऊन दर रविवारी कॅलेंडरवर लिहा आणि पुढच्या वेळी तो कागद दाखवा, औषध लागू पडतंय की बदलायचं हे त्या आकड्यांवरून लवकर ठरतं.