मुतखडा, बारीक छिद्र आणि सलाइनच्या पिशवीची उंची

'बिनटाक्याचे ऑपरेशन, दोन दिवसांत घरी' अशा मुतखड्याच्या जाहिराती आता तालुक्याच्या गावीही दिसतात आणि छिद्र जितके बारीक तितके ऑपरेशन चांगले, हा समज त्यांतून घट्ट होतो. तो अर्धाच खरा आहे.

मूत्रपिंडातील मोठा खडा, साधारणपणे २ सेंटिमीटरच्या वरचा, पाठीतून दुर्बीण घालून फोडून काढतात. फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी १९७६ साली स्वीडनमध्ये मांडलेल्या या पद्धतीत सुमारे १० मिलिमीटर रुंदीची वाट करावी लागे. हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो, त्यामुळे इथे रक्तस्राव हाच मोठा धोका असतो. वाटेचा व्यास निम्मा केला की तिचे क्षेत्रफळ चौथाईवर येते, म्हणून ती बारीक करण्याची धडपड सुरू झाली. गुजरातमधील नडियादच्या मुळजीभाई पटेल युरॉलॉजिकल रुग्णालयातील शल्यचिकित्सकांनी २०११ साली अवघ्या १.६ मिलिमीटर जाडीच्या सुईतून केलेल्या शस्त्रक्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला, ही अभिमानाची गोष्ट आहे.

पण खडा फोडताना स्वच्छ दिसावे म्हणून आत सलाइन सतत सोडावे लागते आणि ते बाहेर पडायलाही वाट हवी असते. मूत्रपिंडाच्या आतला दाब पाऱ्याच्या सुमारे ३० मिलिमीटरच्या पुढे गेला, की तेथील द्रव उलटा शिरांमध्ये आणि लसीकावाहिन्यांमध्ये (पेशींभोवतालचा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांमध्ये) शिरू लागतो. पारा पाण्याच्या १३.६ पट जड असल्याने हा दाब म्हणजे पाण्याचा जेमतेम ४१ सेंटिमीटर उंचीचा स्तंभ होय. सलाइनची पिशवी रुग्णाच्या वर ८० सेंटिमीटरवर टांगली आणि बाहेरची वाट खड्याच्या चुऱ्याने तुंबली, तर मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट दाब कोणताही पंप न लावता तयार होतो. लघवीत किंवा खड्यात जंतू असतील तर ते थेट रक्तात जातात, रुग्णाला हुडहुडी भरून ताप येतो आणि क्वचित जिवावर बेततेही.

आपल्याकडे हा मुद्दा अधिक गंभीर ठरतो. लहान खडा बहुधा आपोआप पडतो आणि श्रेय काढ्याला किंवा तोंडाने खडा ओढून काढल्याचे भासवणाऱ्या भोंदूला मिळते. मोठा खडा मात्र त्याच भरवशावर आत वाढत राहतो आणि रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा मूत्रपिंड सुजलेले आणि लघवी जंतुबाधित असते. अशा वेळी आधी लघवीचे कल्चर, म्हणजे त्यात कोणते जंतू वाढतात याची तपासणी, करून जंतुसंसर्ग आटोक्यात आणणे, सलाइनची पिशवी कमी उंचीवर टांगणे आणि प्रसंगी थोडी मोठी वाट पत्करणे हेच शहाणपणाचे असते.

शस्त्रक्रियेचा निकाल टेबलावर लागत नाही. लघवीचा मार्ग मोकळा राहावा म्हणून अनेकदा आत ठेवलेली स्टेंट नावाची मऊ नळी ठरलेल्या मुदतीत, बहुधा काही आठवड्यांत, काढावीच लागते. दुखणे थांबले, मजुरी बुडते, एसटीचे भाडे पडते, म्हणून रुग्ण परत येत नाही. मग त्या नळीवरच क्षारांची पुटे चढतात, तिचे आतले टोक नव्या खड्यात गुरफटते आणि पाच मिनिटांत निघणारी नळी काढायला पुन्हा पाठीतून वाट करावी लागते. डिस्चार्ज कार्डावर स्टेंट काढण्याची तारीख ठळक मराठीत लिहून त्या आठवड्यात रुग्णाला फोन करणे, एवढे कोणत्याही लहान रुग्णालयाला परवडण्यासारखे आहे.