भाजायची क्ले की वाळवायची? तांबड्या-पांढऱ्याचं बोटभर ताट करण्याआधी

क्राफ्टच्या दुकानात नुसतं "क्ले द्या" म्हटलं की समोर काय येईल याचा नेम नाही. "घ्या की हे, सगळे हेच नेतात," म्हणून जे पाकीट हातात पडतं ते पॉलिमर क्लेचं असेल, नाहीतर हवेत वाळणाऱ्या एखाद्या क्लेचं. आणि घरी फेविकॉल-कॉर्नफ्लोअर शिजवून केलेल्या गोळ्यालाही, म्हणजे कोल्ड पोर्सिलेनलाही, आपण क्लेच म्हणतो. बाहुलीघरासाठी मिसळीची बोटभर ताटली तयार झाल्यावर तर बघणाऱ्याला काहीच फरक कळत नाही. पण करणाऱ्याला तो कळायलाच हवा, कारण पॉलिमर क्लेची कृती कोल्ड पोर्सिलेनला लावली किंवा उलट केलं की माल वाया जातो.

कोल्हापूरकरांना हा फरक समजावायला फार लांब जावं लागत नाही. शाहूपुरी, गंगावेश, बापट कॅम्प, कुठल्याही कुंभारवाड्यात दोन्ही प्रकार आहेत. शाडूचा गणपती नुसता वाळतो. त्यातलं पाणी जातं, तो थोडा आकसतो, आणि परत पाण्यात सोडला की विरघळतो. पणती भट्टीतून निघते, मग ती पाण्यात ठेवली तरी पणतीच राहते. कोल्ड पोर्सिलेन शाडूच्या वाटेनं जातं, पॉलिमर क्ले पणतीच्या. रसायन अर्थात वेगळं आहे, पण वागणूक ओळखायला एवढं पुरे. पुढचं सगळं, म्हणजे आकसणं, काप निघणं, पावसाळा सोसणं, या एका गोष्टीवर ठरतं.

पॉलिमर क्ले नावालाच माती. ती पीव्हीसीची बारीक पूड आणि तिला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर यांचं मिश्रण आहे. तिच्यात पाणी नसल्यामुळे ती उघड्यावर ठेवली तरी वाळत नाही. धूळ तेवढी बसते, आणि पांढऱ्या क्लेवर बसलेली धूळ काढणं हे शिक्षाच असते. गंमत म्हणजे हिचं मूळही बाहुल्यांच्याच कारखान्यात आहे. जर्मनीतल्या प्रसिद्ध बाहुलीकार केटे क्रूझे यांची मुलगी सोफी, घरात फिफी, हिनं बाहुल्यांच्या डोक्यांसाठी या मटेरियलवर काम केलं. १९६४ मध्ये तिनं ते एबरहार्ड फाबर कंपनीला विकलं, आणि 'फिमो' हा ब्रँड बाजारात आला.

ही क्ले ओव्हनमध्ये ब्रँडप्रमाणे साधारण ११० ते १३५ अंश सेल्सिअसला भाजतात. फिमोच्या पाकिटावर ११० अंशाला ३० मिनिटं असतं, स्कल्पीवर १३० च्या आसपास. पाकिटावर लिहिलंय तेच करायचं, शेजारणीनं सांगितलेलं नाही. ओव्हन नसेल तर उकळत्या पाण्यात किंवा कढईत मीठ घालून चालेल का, असं हमखास विचारतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, इथं पाणी ९८ अंशाच्या आसपासच उकळतं. म्हणजे ११० गाठायचा प्रश्नच येत नाही. मिठाच्या कढईत उलटी गत: तापमान कुठं गेलं हे कळतच नाही, आणि पीव्हीसी करपली की तिच्यातून हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो. नाकाडोळ्यांना झोंबणारा वायू आहे तो. मायक्रोवेव्ह तर अजिबात नको. साधा ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन, आत गुळगुळीत टाइल, टाइलवर वस्तू, वरून फॉइलचं सैल झाकण आणि बाजूला स्वस्तातला ओव्हन थर्मामीटर. ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यांचं फारसं पटत नाही, म्हणून थर्मामीटरला पर्याय नाही. आणि त्याच वेळी त्याच ओव्हनमध्ये नानकटाई ठेवायची नाही.

ओव्हनमधून काढल्यावर वस्तू मऊच लागते, गार झाल्यावर कडक होते. गार झाल्यावरही लिंबाची चकती वाकवताना काडकन मोडली तर ती जास्त नव्हे, कमी भाजली गेली आहे. नीट भाजलेला पातळ काप किंचित वाकतो.

आता कोल्ड पोर्सिलेन. त्यात पोर्सिलेन औषधालाही नाही. एक वाटी पांढरा फेविकॉल, एक वाटी कॉर्नफ्लोअर, चमचाभर बेबी ऑइल, चमचाभर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर, बुरशी लांब राहावी म्हणून. कॉर्नफ्लोअर म्हणजे केकवाल्यांचं पांढरं, दाबलं की करकरणारं स्टार्च. गिरणीतून आणलेलं पिवळं मक्याचं पीठ घेतलंत तर गोळा रवाळ होईल. स्वयंपाकातून बाद झालेल्या नॉनस्टिक भांड्यात मंद आचेवर ढवळत राहायचं. आधी गुठळ्या होतात, दह्यासारखं फाटल्यागत दिसतं, मग एकदम सगळं डावाभोवती गोळा होऊन कडा सोडतं. तिथं गॅस बंद. आणखी दोन मिनिटं ठेवलं तर गोळ्याला चिरा पडतात. हाताला क्रीम लावून कोमट असतानाच मळायचं, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळायचं आणि रात्रभर ठेवायचं. ते भांडं आणि तो डाव परत स्वयंपाकात येत नाहीत.

हा गोळा हवेत वाळतो. पाणी उडून जातं, म्हणून वस्तू आकसते: दहाएक टक्के तर धरूनच चालायचं, गोळा सैल शिजला असेल तर आणखी. रंगही बदलतो. ओला गोळा दुधाळ दिसतो, वाळला की अर्धपारदर्शक आणि गडद होतो. म्हणून रंग घालताना हवा त्याहून फिका ठेवायचा, आणि पांढरंशुभ्र काही हवं असेल तर आधीच थोडा टिटॅनियम व्हाइट रंग मळायचा. पॉलिमर क्ले भाजताना एवढी फसवत नाही. तिची पारदर्शक जात तेवढी जास्त आचेला पिवळी पडते.

दहा टक्क्यांनी काय बिघडतं, असं वाटेल. बाहुलीघराचं नेहमीचं प्रमाण १:१२, म्हणजे खऱ्यातला एक फूट तिथं एक इंच. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी १९२१ ते १९२४ मध्ये एडविन लट्येन्सनं आखलेलं, विंडसर कॅसलमधलं जगप्रसिद्ध बाहुलीघर याच मापाचं आहे. आपल्या भातुकलीचं तसं नाही. तिच्यात बंब आणि वरवंटा एकाच उंचीचे असले तरी कुणी भांडत नाही, खेळणाऱ्या हाताला पेलावं हेच तिचं माप. १:१२ मध्ये मात्र २० सेंटिमीटरची भाकरी १७ मिलिमीटरची होते. ती दहा टक्क्यांनी आकसली तर सव्वापंधराची, म्हणजे खऱ्यातली साधारण अठरा सेंटिमीटरची. भाकरीला हे चालतं, सगळ्या भाकऱ्या कुठं एका मापाच्या असतात! पण डब्याचं झाकण आकसलं की फट दिसते. म्हणून जे दुसऱ्या वस्तूत बेतून बसायचं आहे, ते माझ्या मते पॉलिमरमध्येच करावं.

हेच माप मिसळीला लावून बघा. बारीक शेव खऱ्यात एक मिलिमीटर जाड असेल तर १:१२ मध्ये ती मिलिमीटरच्या बाराव्या हिश्शाची, केसाएवढी. तशी कुणी करत नाही, इथं हाताला थोडं खोटं बोलावंच लागतं. मटकीचा दाणा चार-पाच मिलिमीटरचा, त्याचा होतो ०.४ मिलिमीटर. खसखस मटकी म्हणून चालेल असं बऱ्याच जणींना वाटतं. पण खसखशीचा दाणा मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे बाहुलीच्या ताटात तो भिजलेल्या काबुली चण्याएवढा दिसतो. रवा मापात बसतो, पण वर्षभरात त्यात किडे होणार. त्यापेक्षा तपकिरी पॉलिमरचा छोटा ठोकळा भाजून बारीक किसणीवर हलक्या हातानं किसायचा. चुऱ्यातले गोलसर कण मटकीला, लांबट फरसाणाला. शेवेसाठी पिवळ्या क्लेच्या शक्य तितक्या बारीक तारा काढून, भाजून, मग चुरायच्या. आधी चुरून मग भाजायला गेलात तर त्यांचा लगदा होईल.

लिंबाची फोड हे पॉलिमर क्लेचं खरं मैदान आहे. पारदर्शक क्लेमध्ये पिवळा अगदी नखाएवढा मळायचा आणि तिची जाड लांब वळी करायची. वळीला बोटांनी त्रिकोणी आकार दिला की झाली एक फोड. प्रत्येक फोडीला पांढऱ्या क्लेची पातळ पट्टी गुंडाळून आठ फोडी गोल मांडायच्या, बाहेरून पांढऱ्याचा एक थर आणि त्यावर पिवळ्या सालीचा. हा जाडजूड दांडा मधून दाबत-दाबत लांबवत न्यायचा, चार मिलिमीटर जाडीवर येईपर्यंत. कुठंही कापा, आत तीच नक्षी. कापण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये तर ठेवाच, नाहीतर पात्याखाली चकती चपटते. पाती नवी घ्या. हे काम कोल्ड पोर्सिलेनमध्ये जमत नाही असं नाही, पण थर रचेपर्यंत बाहेरचा वाळायला लागतो आणि आतला ओला राहतो, मग चकतीचे थर सुटतात. कांद्याच्या रिंगा, टोमॅटोचे काप, गाजर, सगळ्यांना हेच लागू.

कोल्ड पोर्सिलेनचा दिवस उजाडतो तो पातळ कामात. कोथिंबिरीची पानं, कढीपत्ता, विड्याचं पान, पापड, ताटाखालची केळीची पानं. हा गोळा कागदाइतका पातळ लाटता येतो, आणि वाळताना कडा आपोआप किंचित उचलल्या जातात. पॉलिमरमध्ये ती वळणं एकेक करून द्यावी लागतात, तरी पान प्लास्टिकचंच दिसतं. भाकरीही मी पोर्सिलेनचीच मानते. ज्वारीच्या पिठाचा करडा-पांढरा रंग त्याला छान येतो. गोळा चपटा करताना बोट उघडं लावायचं नाही, या मापात बोटाच्या ठशाच्या रेषा नांगरटीसारख्या दिसतात. मधे प्लास्टिकचा तुकडा धरायचा. वाळल्यावर सॉफ्ट पेस्टलचा खडू पात्यानं खरवडून त्याची पूड कोरड्या ब्रशनं लावायची: आधी मातकट पिवळा, मग तपकिरी, आणि काळा फक्त दोन-तीन ठिपके, फुगा जिथं तव्याला टेकला असेल तिथं. मिसळीच्या ब्रेडच्या कडांना उलट रीत. ती स्लाइस पॉलिमरची, आठ मिलिमीटरची, सुईनं टोचून जाळीदार केलेली. तिला पूड भाजण्याआधी लावायची, म्हणजे ती पक्की बसते.

रस्सा दोन्हींतला नाही. त्याला यूव्ही रेझिन लागतं, जेल नेलपॉलिश वाळवायच्या यूव्ही दिव्याखाली घट्ट होणारं. हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून. तांबड्याला लाल रंगाचा थेंब आणि वर कटाचा वेगळा पारदर्शक थर. पांढऱ्याला पांढरा रंग घालावा लागतो, आणि तो प्रकाश अडवतो. वाटी एकदम भरली तर वर कडक आणि खाली चिकट राहते. पातळ थर द्या, प्रत्येक थर वेगळा घट्ट करा. पांढऱ्यात खोबऱ्याचं दूध आणि काजू असतात, तेव्हा रंगाला साईची छटा हवी, चुन्याची नको.

खरी परीक्षा पावसात. गौरी-गणपतीच्या आराशीत गौरीपुढे छोटं स्वयंपाकघर मांडायची हौस आपल्याकडे घरोघरी असते, आणि सण येतो भाद्रपदात, जेव्हा भिंतींनाही ओल धरलेली असते. कोल्ड पोर्सिलेन त्या हवेतलं पाणी ओढून घेतं. वाळायला एरवी लागतो त्याहून दुप्पट वेळ लागतो, आणि पूर्ण वाळायच्या आत वार्निश मारलं तर आत कोंडलेल्या ओलीला बुरशी धरते. जुलैत करायला घेणार असाल तर पॉलिमर घ्या. पोर्सिलेनची पानं आणि भाकऱ्या उन्हाळ्यातच करून, वार्निश करून, सिलिका जेलच्या पुडीबरोबर बंद डब्यात ठेवा. दिवाळीच्या किल्ल्यावर, उघड्या अंगणात, पोर्सिलेन नकोच. पॉलिमरचा शत्रू उलट उन्हाळा: कच्ची पाकिटं पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत राहिली तर उघडण्याआधीच अर्धवट भाजून कडक होतात. आणि कच्ची पॉलिमर क्ले काही प्रकारच्या प्लास्टिकला चिकटून त्याला वितळवते. पॉलिप्रॉपिलीनचा, तळाला ५ आकडा असलेला डबा चालतो.

प्रदर्शनातून तयार वस्तू घेताना कशाची आहे ते बघायचं असेल तर विक्रेत्याला विचारून खालच्या, वार्निश नसलेल्या बाजूवर पाण्याचा थेंब ठेवा. काही मिनिटांनी तिथं बुळबुळीत झालं तर पोर्सिलेन. कच्च्या पाकिटाची परीक्षा याहून सोपी: चिमूटभर रात्रभर उघडी ठेवा. सकाळी वरून पापुद्रा धरला तर वाळणारी, जशीच्या तशी मऊ राहिली तर भाजायची. किंवा मुलांची प्लास्टिसिन, जी कधीच कडक होत नाही. ती ओव्हनमध्ये घालू नका, वितळते. दोन पुड्या एकत्र मळायची एपॉक्सीसारखी क्ले आणखी वेगळी. पाट-चौरंग, चूल अशा वस्तूंना ती उत्तम, खाऊला कामाची नाही. यातलं काहीच तोंडात घालायचं नाही, आणि तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर ही ताटं काचेच्या कपाटातच बरी.

एकाच ताटात दोन्ही वापरायचं असेल तर क्रम चुकवू नका. पॉलिमरचं सगळं आधी भाजून गार करा, पोर्सिलेन त्यानंतर लावा. पोर्सिलेन लावलेलं ताट ओव्हनमध्ये गेलं की भाकरी पिवळी पडते. पॉलिमरवर पॉलिमर चिकटवायला लिक्विड क्ले, म्हणजे पातळ पॉलिमर क्ले, लावून पुन्हा भाजा, पोर्सिलेनला साधा फेविकॉल पुरतो, आणि पितळी ताटलीला दोन्हीपैकी काहीही चिकटवायचं तर सुपर ग्लूचा ठिपका. नेलपॉलिशचं वार्निश मात्र पॉलिमरवर चालत नाही. काही महिन्यांनी ते चिकट होतं, आणि त्या चिकटपणावर बसलेली धूळ कशानंही निघत नाही. पाण्याचं अॅक्रिलिक वार्निश घ्या.