माघार घेणारी यंत्रे

27 ऑक्टोबर 1980 रोजी अमेरिकेतले आर्पानेट, म्हणजे आजच्या इंटरनेटचे पूर्वज, काही तास ठप्प झाले. कुणी हल्ला केला नव्हता, कुणी चुकीची कळही दाबली नव्हती. या जाळ्याच्या प्रत्येक नाक्यावर आयएमपी नावाचा छोटा संगणक बसवलेला होता. हे संगणक आपापल्या जोडण्यांची खबर एकमेकांना सतत देत आणि तिच्यावरून पॅकेटच्या, म्हणजे डेटाच्या छोट्या गठ्ठ्यांच्या, वाटा स्वतःच ठरवत. एखादी तार तुटली तर वाहतूक आपोआप दुसरीकडून वळे. चालू असतानाच स्वतःची घडी बसवणारी ही व्यवस्था त्या दिवशी नेमकी याच गुणामुळे अडकली.

प्रत्येक खबरेला 0 ते 63 मधला एक क्रमांक असे. 63 नंतर पुन्हा 0 येणार, त्यामुळे दोनपैकी नवी खबर कोणती हे वर्तुळावर मोजून ठरे: जी दुसरीच्या पुढे अर्ध्या वर्तुळापर्यंतच्या अंतरावर असेल ती नवी. एका आयएमपीत बिघाड होऊन बिट, म्हणजे आकडे लिहिणारे 0 आणि 1, गळू लागले आणि एकाच नाक्याच्या नावाने 44, 40 आणि 8 अशा तीन क्रमांकांच्या खबरा फिरू लागल्या. बायनरीत, म्हणजे फक्त 0 आणि 1 वापरून लिहिले तर, 44 म्हणजे 101100. त्यातला एक 1 गळला की 101000, म्हणजे 40. आणखी एक गळला की 001000, म्हणजे 8. आता वर्तुळावर मोजून पाहा. 44 ही 40 पेक्षा नवी, 40 ही 8 पेक्षा नवी, आणि 8 ही पुन्हा 44 पेक्षा नवी! नवी खबर आली की जुनी पुसायची आणि शेजाऱ्यांना कळवायचे, हा नियम प्रत्येक आयएमपी चोख पाळत होता, म्हणून हे चक्र थांबेना. एखादा बंद करून पुन्हा सुरू केला तर शेजारी लगेच त्याच खबरा त्याला देत. शेवटी माणसांनी सॉफ्टवेअरमध्ये ठिगळ लावले: या नाक्याच्या खबरांकडे दुर्लक्ष करा.

मला ही घटना फार मोलाची वाटते, कारण यात कुणीही नियम मोडलेला नाही. वाईट अवस्थेत एकदा शिरल्यावर बाहेर पडायची वाट त्या नियमांतच नव्हती. डच संगणकशास्त्रज्ञ एट्सखर डाइक्स्ट्रा यांनी 1974 सालीच एका छोट्या निबंधात हा प्रश्न मांडला होता. व्यवस्था कोणत्याही अवस्थेत, अगदी अर्थहीन अवस्थेत सोडून दिली, तरी काही पावलांत ती योग्य अवस्थेला आली पाहिजे, आणि तेही कुणा एकाला सगळे चित्र दिसत नसताना. हे शक्य आहे, असे त्यांनी सिद्ध केले. निबंधाकडे बरीच वर्षे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. आर्पानेटच्या त्या प्रसंगानंतर अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ रेडिया पर्लमन यांनी वाटा ठरवण्याची अशी पद्धत आखली, जिच्यात दोषी यंत्र दूर केले की जाळे आपले आपण सावरते.

स्वतःला सांभाळणाऱ्या संगणकांची चर्चा जोरात सुरू झाली ती 2001 पासून. आयबीएमचे पॉल हॉर्न यांनी शरीराच्या स्वायत्त चेतासंस्थेचा आदर्श समोर ठेवला: हृदयाचे ठोके कमी-जास्त करायला आपल्याला विचार करावा लागत नाही, तशीच यंत्रणांनीही आपली देखभाल स्वतः करावी. त्यातून चार पायऱ्यांचे एक चक्र रूढ झाले. निरीक्षण करा, कारण शोधा, बेत आखा, अमलात आणा, आणि पुन्हा निरीक्षण. चक्र मांडायला सोपे आहे. हात आवरता कधी घ्यायचा, हा त्यातला खरा कठीण भाग.

ऑक्टोबर 1986 मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांच्यात डेटाचा वेग सेकंदाला 32 हजार बिटवरून 40 बिटवर कोसळला. दोन्ही ठिकाणांतले अंतर जेमतेम 400 यार्ड. पॅकेट वाटेत हरवले की संगणक ते पुन्हा पाठवत, त्याने गर्दी वाढे, गर्दीत आणखी पॅकेट हरवत. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी शोधलेला उपाय 1988 मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे सुरळीत असेल तर वेग हळूहळू वाढवायचा, पॅकेट हरवले की झटक्यात कमी करायचा. गर्दी आहे असे सांगणारा कुणी मुख्य अधिकारी नाही, प्रत्येक संगणक फक्त आपले पॅकेट पोहोचले का एवढेच बघतो. तरीही एवढ्या साध्या संयमावर जगभरची वाहतूक तोल सांभाळून राहते. पुढे या पद्धतीचे कितीतरी प्रकार निघाले, पण गर्दी दिसली की मागे सरायचे हे तत्त्व टिकले.

जावा किंवा जावास्क्रिप्ट या संगणकी भाषांतले प्रोग्राम चालवणारी यंत्रणाही असेच करते, फक्त अगदी लहान प्रमाणावर. एखादा तुकडा हजारो वेळा चालतोय आणि त्यात दर वेळी पूर्णांकच येताहेत हे तिच्या लक्षात आले, की ती प्रोग्राम न थांबवता त्या तुकड्याचे फक्त पूर्णांकांसाठीचे वेगवान यंत्रसंकेत तयार करते. सोबत एक पहाराही ठेवते. उद्या तिथे अक्षरे आली, तर वेगवान संकेत सोडून ती जुन्या, संथ पण सुरक्षित रूपावर परतते आणि काम पुढे चालू राहते. परतीची ही सोय आहे, म्हणूनच तिला एवढे धाडसी अंदाज बांधता येतात.

ही सोय अपुरी पडली तर काय होते, ते 21 एप्रिल 2011 रोजी ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये दिसले. नेटवर्कमधल्या एका चुकीच्या बदलाने साठवणीच्या अनेक सर्व्हरांचा आपल्या डेटाच्या प्रतींशी संपर्क तुटला. नेटवर्क पूर्ववत झाल्यावर सगळ्यांनी एकाच वेळी नवी प्रत ठेवायला जागा शोधायला घेतली. मोकळी जागा संपली, तरी शोध थांबेना. त्या विभागातल्या साठवणुकीचे 13 टक्के व्हॉल्यूम, म्हणजे ग्राहकांच्या आभासी डिस्क, अडकून पडले आणि पूर्ण सावरायला काही दिवस गेले. कंपनीने नंतर स्पष्ट केले की जागा न मिळाल्यावर हे सर्व्हर पुरेसे मागे सरत नव्हते.

आता अशा चक्रांत डेटावरून स्वतः शिकणारी मॉडेल येत आहेत, आणि तिथे ही काळजी दुप्पट घ्यावी लागेल, कारण शिकलेला नियम कोडमध्ये वाचून तपासता येत नाही. 2018 मध्ये गुगल आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणारी डीपमाइंड यांनी डेटा सेंटरच्या शीतकरणाचे नियंत्रण अशा यंत्रणेकडे दिल्याचे जाहीर केले. दर 5 मिनिटांनी ती हजारो सेन्सरांची नोंद वाचते आणि ऊर्जा कशाने वाचेल याचा अंदाज बांधते. ज्या कृतीबद्दल तिची स्वतःची खात्री कमी, ती कृती आधीच बाद होते. उरलेल्या कृती सुरक्षिततेच्या मर्यादांवर दोनदा तपासल्या जातात, एकदा क्लाउडमध्ये आणि एकदा जागेवरच्या नियंत्रण यंत्रणेत. चालकांना हवे तेव्हा नियंत्रण परत घेता येते. सुरुवातीला सुमारे 12 टक्के असलेली बचत 9 महिन्यांत सुमारे 30 टक्क्यांवर गेली. मर्यादा सैल केल्या असत्या तर ती आणखी वाढू शकली असती, पण त्या जाणूनबुजून आवळलेल्या ठेवल्या होत्या.