घातांक कसा वाचावा आणि कसा सोडवावा

आमच्या सरावसंचातील घातांकांच्या पत्रिकांविषयी ग्राहक ज्या शंका वारंवार विचारतात, त्यांचे निरसन व्हावे म्हणून हे पत्रक संचासोबत देत आहोत.

ज्या संख्येचा घात करायचा ती संख्या म्हणजे पाया, आणि पायाच्या उजव्या खांद्यावर लिहिलेला लहान अंक म्हणजे घातांक. पाया किती वेळा घेऊन गुणाकार करायचा, एवढेच तो सांगतो. २ चा ५ वा घात म्हणजे २ × २ × २ × २ × २, अर्थात ३२. २ गुणिले ५ म्हणजे १० नव्हे. मुलांनी प्रत्येक उदाहरण निदान सुरुवातीला असे उलगडून लिहावे, असा आमचा आग्रह आहे, कारण मग नियम पाठ करावे लागत नाहीत. ३ चा वर्ग आणि ३ चा घन यांचा गुणाकार मांडला, की कागदावर पाच तीन ओळीने दिसतात, आणि घातांकांची बेरीज का करायची ते आपोआप कळते, उत्तर २४३. त्याच दोन संख्यांची बेरीज करायची असेल, तर मात्र हा नियम लागू होत नाही. तिथे ९ आणि २७ मिळवून ३६ च येतात.

सर्वाधिक अडखळायला होते ते शून्य घातांकाशी. ३ चे घात उतरत्या क्रमाने लिहून पाहा : ८१, २७, ९, ३. घातांक एकाने कमी झाला, की संख्येला ३ ने भाग जातो. म्हणून ३ नंतर शून्य घातांकाला १ येतो, आणि ऋण घातांकांना एक तृतीयांश, एक नवमांश. पाया शून्य असेल तर हा भागाकारच करता येत नाही, म्हणून पाया शून्येतर हवा.

कंसाकडे विशेष लक्ष द्यावे. कंसातील उणे ३ चा वर्ग ९ असतो, पण कंस नसताना घात फक्त ३ ला लागतो आणि उत्तर उणे ९ येते. सगळी गणकयंत्रे याबाबतीत सारखी वागत नाहीत, तेव्हा कंस आपणच द्यावा.

घातांक मोठा असल्यास वर्गाचा वर्ग करत जावे. ३ चा वर्ग ९, त्याचा वर्ग ८१, त्याचा ६५६१. हा झाला ८ वा घात. आता ३ चा १३ वा घात हवा असेल, तर १३ म्हणजे ८, ४ आणि १ यांची बेरीज, म्हणून ६५६१ × ८१ × ३ केले, की १३ वा घात १५,९४,३२३ मिळतो, आणि बारा गुणाकारांचे काम पाचांत होते.