ब्लेअर : कड्याची नोंद आणि खालची वस्ती

अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या लोगन परगण्यात, ॲपलाचियन डोंगरांच्या अरुंद खोऱ्यात ब्लेअर ही वस्ती आहे. स्प्रूस फोर्क या ओढ्याच्या काठाने रस्ता जातो, त्याच्या कडेला विरळ घरं. नगरपालिका नाही, महापौर नाही. गावाच्या वतीने ठराव करील असं कुणीच नाही, आणि पुढे हेच महागात पडलं.

१९२१ च्या ऑगस्टअखेरीस सुमारे १०,००० कोळसा खाणकामगार संघटनेच्या हक्कासाठी गळ्यात लाल रुमाल बांधून वस्तीजवळच्या ब्लेअर माउंटन या डोंगरावर चालून आले. कड्यावर शेरीफची, म्हणजे परगण्याच्या पोलीसप्रमुखाची, माणसं मशीनगन रोखून बसली होती. वरून विमानांतून बॉम्बही पडले. संघीय सैन्य आलं तेव्हा कामगारांनी माघार घेतली.

खरा वाद त्यानंतर ८० हून अधिक वर्षांनी पेटला. २००६ च्या पाहणीत कड्यावर काडतुसांच्या पुंगळ्या सापडल्या. कुठे किती पडल्या आहेत यावरून कोण कुठल्या झाडाआडून लढलं, ते कळू लागलं. मार्च २००९ मध्ये सुमारे १,६०० एकर कडा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत गेला. ही नोंद नुसत्या मानाची नव्हती. १९७७ च्या कायद्यानुसार अशा जागेला बाधा येईल असं उघडं खाणकाम सहजासहजी करता येत नाही. काही महिन्यांतच, निम्म्याहून जास्त जमीनमालकांचा आक्षेप आहे असं सांगून नाव काढून टाकण्यात आलं. आक्षेप घेणाऱ्यांत मृतांचीही नावं आहेत, असा कडा जपू पाहणाऱ्यांचा दावा होता. पण मोजणी चोख असती तरी प्रश्न उरतोच: मत फक्त मालकाचं. ज्यांचे आजोबा त्या कड्याखाली उभे राहिले, त्यांचा कागदावर कुठे पत्ताच नव्हता. २०१६ मध्ये न्यायालयाने वगळण्याचा निर्णय मनमानी ठरवला, २०१८ मध्ये नाव परत आलं.

तोवर वस्ती जवळजवळ रिकामी झाली होती. १९९० च्या दशकात शेजारच्या डोंगरांचे माथे कोळशासाठी सुरुंगांनी उडवले जात होते. धूळ आणि हादरे सोसवेनात, तेव्हा बऱ्याच कुटुंबांनी खाण कंपनीला घरं विकली. जवळच सुमारे २,३०० एकरांच्या आणखी एका खाणीला २००७ मध्ये परवाना मिळाला. तिच्या राडारोड्याखाली ओढे बुजवायची परवानगी २०११ मध्ये संघीय पर्यावरण यंत्रणेने काढून घेतली.